मुरुमचे चार महिने आणि तीन कंटेनर

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. मुरुमला, आमच्या गावी, मी अण्णांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ, जे चार महिने राहिले, त्यात आमचं रोज एकदा तरी वाजायचं. कशावरनं? भाजीत मीठ जास्त झालं, पंखा चालू राहिला, दुपारी झोपलीस का. आता अण्णा नाहीत, आणि त्या भांडणांची इतकी आठवण येते की माझाच मला राग येतो.

आई गेल्यावर ते एकटे पडले होते. गुडघे दुखायचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, "तिथं माझं कोण हाय?" मी आहे की, म्हटलं तर, "तू तर हापिसात." शेवटी मीच कंपनीच्या मागं लागले. आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी अट घातली. चार महिने घरून काम कर. तुझ्यामुळं काही बिघडलं नाही तर कायमची तिथंच राहा. बिघडलं तर परत यायचं. मी एका पायावर तयार झाले. मला दुसरं काहीच नको होतं, अण्णांना एकटं ठेवायचं नव्हतं एवढंच.

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस होते. बुद्धविहारामागं आमचं दोन खोल्यांचं घर, ना शेत ना गोठा, पण आसपासच्या गावांतली निम्मी जनावरं त्यांच्या हाताखालून गेलेली. खरे डॉक्टर बदलून जायचे, अण्णा तिथंच, म्हणून लोक त्यांनाच डॉक्टर म्हणायचे. जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारायचं काम आलं तेव्हा सरकारला फक्त बिल्ल्याचा नंबर हवा असायचा. अण्णा आधी मालकाला जनावराचं नाव विचारायचे आणि नंबराशेजारी तेही लिहायचे. साहेब ओरडायचे. अण्णा लिहायचे.

माझं काम काय, हे त्यांना समजून घ्यायचंच होतं. रोज सकाळी चहाच्या वेळी शिकवणी. आमची कंपनी दवाखान्यांच्या लॅबमधले रिपोर्ट डॉक्टरांच्या नि पेशंटच्या फोनवर पोचवायची. मी सांगितलं, अण्णा, हे काम करणारा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरलेलं असतं, त्याला कंटेनर म्हणतात. एका साच्यातनं असे हवे तेवढे डबे काढता येतात, तो साचा म्हणजे इमेज. डबे शेकड्यानं झाले की त्यांच्यावर नजर ठेवायला कुबरनेटिस नावाची व्यवस्था असते. तिला आपण फाइलीत फक्त लिहून द्यायचं, रिपोर्टवाले तीन हवेत. एक मेला की ती दुसरा काढते आणि ज्या मशीनवर जागा असेल तिथं उभा करते. कुणाला विचारत बसत नाही.

"आन् आजारी पडला तर? औषधपाणी?"

"न्हाय अण्णा. मारायचा, नवा काढायचा."

मग मी त्यांना आमच्या धंद्यातली एक म्हण सांगितली. मूळची इंग्रजीतली आहे. मशीनला घरच्या कुत्र्यासारखं लाडानं वागवू नका, गोठ्यातल्या ढोरासारखं वागवा. कुत्र्याला नाव असतं, ढोराला नुसता नंबर.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "ही म्हण काढणारानं गोठा बघितलेला न्हाय," म्हणाले. "आमच्याकडं कुत्र्याला हाड म्हणत्यात. नाव बैलाला असतंय."

मी पोट धरून हसले. पण मनातनं मला त्यांचंच पटलं होतं, आणि घोळ तिथंच झाला. जनावराजवळ जायचं, अंगावर हात फिरवायचा, मग औषध द्यायचं, हे मी लहानपणापासून बघत आलेले. कंटेनरच्या बाबतीत हे पाप असतं. चालू डब्यात हात घालायचा नाही. जे बदलायचं ते फाइलीत लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, मग सगळे डबे नव्यानं काढायचे.

चौथा महिना लागला होता. एका सकाळी रिपोर्ट रखडत जायला लागले. कारण मला लगेच दिसलं. एका डब्यानं एका वेळी किती रिपोर्ट हाताळायचे तो आकडा कमी पडत होता, आणि तो मागं मीच ठरवलेला होता. फाइल बदलली असती तर ती तपासायला बाईंकडं गेली असती, माझी चूक त्यांच्यासमोर आली असती, आणि माझे जेमतेम तीन आठवडे उरलेले. मी गुपचूप त्या तीन डब्यांत एकेक करून शिरले आणि आकडा हातानं वाढवला. रिपोर्ट धाडधाड जायला लागले. इतकं बरं वाटलं की मी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. अण्णा म्हणाले, आज स्वारी खुशीत दिसती.

आठ दिवसांनी ते डबे ज्या मशीनवर होते ती दुरुस्तीसाठी रिकामी केली गेली. नेहमीचं काम. तिन्ही डबे मारले गेले आणि जुन्या साच्यातनं तीन नवे निघाले, जुन्याच आकड्याचे. माझं औषध मेलेल्यांबरोबर गेलं. त्या दिवशी लॅबची गर्दी होती. रिपोर्ट पार अडकले. पुण्यातली पोरं भलतीकडंच शोधत बसली, कारण या डब्यांचं आधीही दुखलं होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. दुपारी एका दवाखान्यातून फोन आला, रक्ताचा रिपोर्ट मिळाला नाही म्हणून एका बाईचं ऑपरेशन उद्यावर ढकललंय.

बाईंनी कॉलवर सगळ्यांना विचारलं, "गेल्या काही दिवसांत इथं कुणी काही बदललं होतं का?"

सगळे गप्प. मीही गप्प. कॉल बंद झाला.

अण्णा समोरच तूर निवडत बसले होते. वर न बघता म्हणाले, "तू हात लावलाता न्हवं?"

मी चिडून म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. आणि मग रडायला लागले. सगळं सांगितलं. बोलले तर मला जावं लागेल, हेही सांगितलं.

त्यांनी तुरीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्या एकदा एका गाईला शेतावर जाऊन सुई दिली. डॉक्टरांना न विचारता. रजिस्टरला लिवली न्हाय, बोलणी बसतील म्हणून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तीच सुई पुन्हा टोचली, औषध दुप्पट झालं. त्यांना काय ठावं? गाय गेली. मालकाला वाटलं नशीब. म्या बोललो न्हाय. त्याच्या घरावरनं जायला लागू नये म्हणून बाजाराला अजून लांबच्या वाटंनं जातो."

ती लांबची वाट मला माहीत होती. गुडघे दुखत असताना तिकडून कशाला जाता, म्हणून मी कितीदा त्यांच्यावर खेकसले होते.

मी बाईंना फोन लावला. आकडा फाइलीत गेला, डबे नव्यानं निघाले, अर्ध्या तासात रिपोर्ट सुरू झाले. बाई मला रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाल्या, "पण चूक झाली म्हणून नाही, आठ दिवस लपवलीस म्हणून तुला इथं यावं लागेल. ठरलं होतं ते ठरलं होतं." मी हो म्हटलं. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि तरी मला त्या क्षणी त्यांचं तोंड बघावंसं वाटत नव्हतं.

निघायच्या दिवशी अण्णा स्टँडवर आले. पिशवीत कडक भाकरी, चटणी आणि उगाच एक नारळ. सोलापूरची गाडी अजून लागायची होती, तिथनं पुढं पुणं. तेवढ्यात एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हणाले, "डॉक्टर, पोरगी कायमची आली म्हणत हुता. परत का चालली?"

"खरं बोलली म्हणून चालली," अण्णा म्हणाले. मी जिल्ह्यात पहिली आल्यासारखं, छाती काढून सांगितलं त्यांनी.

मला त्यांचा भयंकर राग आला. खिडकीत बसल्यावर मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, मोबाइल काढून उगाच काहीतरी करत राहिले. त्यानंतर ते चार वर्षं होते. मी महिन्यातनं दोनदा जायचे, दोन दिवस राहायचे, भांडायचे, परत यायचे. पुण्याला ते कधीच आले नाहीत, आणि शेवटच्या दिवशी मी वाटेतच होते.

त्या दिवशी स्टँडवर मला कौतुक नको होतं. नुसतं "थांब" हवं होतं. ते एकदा थांब म्हणाले असते तर मी नोकरीवर पाणी सोडून तिथंच उतरले असते. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते म्हणाले नाहीत.