भांडायला कोणीतरी

आमच्या आठवडी बाजारात सातपुड्यातली एक म्हातारी डिंक आणि चारोळी विकते. गिऱ्हाईक नसले की ती डिंकातली साल निवडत बसते. एकदा मी धीर करून तिला तिच्या गावाचे विचारले.

"रस्ता नव्हता तवय गाव भरेल व्हतं. रस्ता उना अन् बठ्ठा लोके केळीना कामले खाले चालना ग्यात. आते दोनच घरं शेतस."

"सगळे केळीच्या कामाला खाली गेले, मग तुम्ही का नाही उतरत, अक्का?"

"मी उतरनू ते शेजारनी डोकरी कोनासंगे भांडी?" ती इतकी हसली की हातातला तराजू हलला.

गेल्या बाजारात तिच्याशेजारी दुसरी एक म्हातारी होती. पोते कोणी कुठे पसरायचे यावरून दोघींचे जोरात चालले होते. मागे दोघींची अंथरुणे, भांडी आणि एक जाते बांधून ठेवले होते. मी दोघींकडून थोडा थोडा डिंक घेतला. गावाचे काही विचारले नाही.