स्पीकर थ्री आहे तरी कोण

"हे रेकॉर्डिंग गावातलं नाही," मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "होस्टेलच्या खोलीत बसून केलंय."

विभागप्रमुख सरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर स्नेहल बसली होती. एम.ए. भाषाविज्ञान, शेवटचं सेमिस्टर. मी तिची गाईड. भिवापूरकडच्या एका गावात मिरचीचा सातरा आहे, म्हणजे बायका बसून लाल मिरचीचे देठ खुडतात ती जागा. तिथल्या बायकांची बोली हा तिच्या डिझर्टेशनचा विषय.

आमच्या धंद्यात फील्डवर्क म्हणजे जीव की प्राण. माणसांत जायचं, त्यांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं आणि मग तेच पुन्हापुन्हा ऐकून शब्द न् शब्द उतरवायचा. मुलांच्या हे जिवावर येतं. मैत्रिणीला गावाकडच्यासारखं बोलायला लावून रेकॉर्डिंग आणणारी एक मुलगी मी आधी पकडली होती. तेव्हापासून माझा कान कोणावर विश्वास ठेवत नाही.

स्नेहलच्या फायलींत कुत्रं भुंकत नव्हतं. मोटारसायकल जात नव्हती. मुख्य म्हणजे मिरचीच्या ढिगात बसलेली एकही बाई शिंकत नव्हती. मला तर घरात फोडणीला मिरची पडली तरी ठसका लागतो.

तिला आत बोलावलं.

"कुठे केलंस हे?"

"सातऱ्यावरच, मॅडम. गोदामात."

"कोणाकोणाचं? नावं सांग, मी बोलते त्यांच्याशी."

"नावं नाही सांगता येत, मॅडम. तुम्हीच तर शिकवलं."

शिकवलं होतं खरं. बोलणाऱ्याला आधी वचन द्यायचं की तुमचं नाव कुठेही येणार नाही. डिझर्टेशनमध्ये त्यांचा फक्त नंबर होतो. स्पीकर वन, स्पीकर टू.

"अगं, पण गाईडलाही नाही?"

"कोणालाच सांगणार नाही, असं बोलून बसले मी."

माझाच नियम पुढे करून मलाच गप्प करते म्हटल्यावर माझं डोकं सटकलं. ती गेल्यावर सर म्हणाले, "मॅडम, बनावट निघालं तर डिझर्टेशन रद्द होईल. वर्ष जाईल पोरीचं, नोकरीही जाईल. आधी खात्री करा."

बोलींच्या एका प्रोजेक्टवर तिची निवड झाली होती, पण पास होण्याच्या अटीवर. उमरेडच्या विणकर घरातली मुलगी. वडील दुसऱ्याच्या दुकानात कामाला. मला तिची कीव येत होती, पण संशय काही हटत नव्हता.

मी तिला न सांगता एसटी पकडून त्या गावी गेले. सातऱ्यावर पाय ठेवला आणि शिंकायलाच लागले. डोळ्यांतून पाणी. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्यातली एकही शिंकत नव्हती. सवय. माझा एक मुद्दा तिथेच गळाला.

"नागपूरहून स्नेहल नावाची मुलगी यायची का इथे? मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करायला?"

खुडणारे हात थांबले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोन स्नेहल? आमी नाई ओळखत."

"कॉलेजची मुलगी. उंच, चष्मेवाली."

"कोनीच नाई आलं जी इकडे."

म्हणजे संपलंच. पोरगी खोटं बोलली होती. ज्या गोष्टीसाठी आले ती सिद्ध झाली, तरी मला अजिबात बरं वाटलं नाही. मी निघाले, तर मागून एका वयस्कर बाईने विचारलं, "तुमी कोन लागता तिच्या? काहून इचारून राहिल्या?"

मी जागीच उभी राहिले. किंचित घोगरा, वाक्य संपता संपता श्वासात विरणारा हा आवाज मी कित्येक दिवस हेडफोनमधून ऐकत होते. स्पीकर थ्री.

मी तिच्या शेजारी बसकण मारली. "मी तिची मॅडम. तुमचा आवाज ऐकलाय मी. तुम्ही खरं सांगितलं नाही, तर तिची परीक्षा बुडेल."

तिने हातातल्या मिरचीचा देठ खुडून टाकला. मग म्हणाली, "तिनं आमाले शबूद देल्ला, तुमचं नाव कोनाले सांगनार नाई. मंग आमी तिचं नाव काहून सांगाव? आमाले वाटलं, पोरीच्या मांगं कोनी लागून राहिलं."

मला भरून आलं. पण चेहरा आधीच मिरचीने लाल झालेला, त्यामुळे कोणाला कळलं नसावं.

"बोलायला बसायच्या कुठे?"

तिने गोदाम दाखवलं. छतापर्यंत मिरचीची पोती. "दार लावून बसो. मालकाचे कान लय लंबे हायेत." बायका खदखदून हसल्या. मी आत शिरून टाळी वाजवली. घुमली नाही. पोत्यांनी आवाज पिऊन टाकला, बाहेरचाही. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ का, ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "अस्सल आहे. स्पीकर थ्रीला भेटून आले."

"नाव काय बाईंचं?"

"नाही सांगता येत."

"एखादा फोटो? सही?"

"नाही."

सर चष्म्यावरून बघत राहिले. "मॅडम, तुम्ही नक्की गेला होता ना?"

शेवटी मी माझ्या जबाबदारीवर लिहून दिलं. स्नेहलची माफी मागितली. ती पास झाली, नोकरीवर रुजूही झाली. संशय घेणं मी काही सोडलेलं नाही, फक्त आता चौकशीला विद्यार्थ्याला सोबत नेते. गुप्तता आम्ही वर्गात शिकवतो, पण ती खरोखर पाळणारी माणसं भेटली की पहिली पंचाईत आमचीच होते.