आधी मूळ, मग घात

भिवंडीतल्या आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच कापडाच्या लूमचा कारखाना होता. त्या खडखडाटात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचत नसे. म्हणून वैद्यबाई फळ्यावर मोठा आठ काढत, त्याच्या डोक्यावर दोन तृतीयांश लिहीत आणि खालच्या तिनावर खडू आपटत ओरडत, "आधी मूळ, मग घात! आठचं घनमूळ दोन, दोनाचा वर्ग चार. उलटं केलंत तरी चारच येईल. पण चौसष्टाशी झटापट हवीय कशाला?"

मी तिथे मराठी शिकवत असे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बरीच मुलं नववीतूनच लूमवर जात. त्यांना अपूर्णांक घातांक कशाला, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "अहो, दिसायला भयंकर असलेलं ओळीओळीनं सोपं होतं, एवढं तरी त्यांच्या हाताला कळू दे."

वडपे गावच्या वासंतीला ते कळलं होतं. फळाभर पसरलेली घातांकांची राशी ती चार ओळींत आवरायची आणि बाई बाजूला उभ्या राहून बघायच्या. दहावीच्या दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. बाई मला घेऊन एसटीनं तिच्या घरी गेल्या. वडील खळ्यावर भात झोडत होते.

"पोर हुशार हाय, मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन लगीन जमलाय."

"मार्चपर्यंत थांबा. परीक्षा होऊ द्या."

"बाई, सोयरं थांबाचं न्हाय."

बाईंनी दारातल्या वासंतीला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" तिनं बापाकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. चहा पिऊन आम्ही परतलो.

वर्षभरात ती पहिल्याच बाळंतपणात गेली. बातमी कळली त्या दिवशीही बाईंनी तास घेतला. घातांकांचं प्रकरण आलं तेव्हा मात्र वर्गाला म्हणाल्या, "दोन-चार मार्कांचं आहे. सोडून द्या." मुलं खूश झाली.

"बाई, तुम्ही असं म्हणता?" मी विचारलं.

"सोपं होत नाही हो काही. मी आपली सांगत होते."

निवृत्त झाल्यावर त्या साताऱ्याला भावाकडे निघाल्या. स्टँडवर सोडायला मी एकटीच होते.

"येत जा अधूनमधून भिवंडीला," मी म्हटलं.

"कुणासाठी?"

त्यात राग नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. मी नावं आठवत राहिले, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली.