शून्य पॉइंट आठ ओहमची धूपदाणी

माझ्या आईने आयुष्यातली पहिली व्हेपची कॉइल बांधली, तेव्हा तिचा रेझिस्टन्स बरोब्बर शून्य पॉइंट आठ ओहम आला. मी इकडे परदेशात, एनस्खेडेला इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करतोय. माझा कधीच आला नाही.

आता तुम्ही विचाराल, आईने व्हेपची कॉइल का बांधली? तर तिला माहीतच नव्हतं ती व्हेपची आहे! थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आई तीन महिन्यांसाठी ताईकडे न्यूनेनला आली होती, म्हणून मी दसऱ्यासाठी आदल्या दिवशीच तिकडे गेलो. सोबत माझं व्हेपचं डबडं, बॅटरीवर रस तापवून वाफ ओढायचं. (पुण्याहून निघताना मी आईला वचन दिलं होतं, सिगरेट ओढणार नाही. व्हेप म्हणजे सिगरेट नाही. वकील व्हायला हवं होतं मी.) रेडीमेड कॉइल महाग पडते म्हणून मी तार आणून घरी बांधायचो. सोपं असतं हो! बारीक तारेचे वेढे घ्यायचे, मधून कापूस ओवायचा, दोन टोकं दोन स्क्रूंत आवळायची. वेढे कमी पडले तर रेझिस्टन्स कमी, करंट जास्त आणि कापूस खाक! वेढे जास्त झाले तर नुसतं कोमट. माझ्या डबड्याला पाहिजे शून्य पॉइंट आठ.

दुपारी आई झोपल्यावर मी डायनिंग टेबलावर दुकान मांडलं. पहिली कॉइल, डबड्याच्या स्क्रीनवर ०.३. दुसरी, १.९. तिसरीला आकडा नाचायलाच लागला! ०.८, १.४, ०.५... आणि मागून आवाज आला.

"हे काय रे?"

"प्रोजेक्ट!" मी ओरडलोच.

"ओरडतोस कशाला? कसलं प्रोजेक्ट?"

समोर ताईचं देवघर होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "इलेक्ट्रिक धूपदाणी."

आईचा चेहरा असा उजळला की मला तिथेच मरावंसं वाटलं. कारण आल्या दिवशी तिने उदबत्ती लावली होती आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलला होता. तेव्हापासून ताईने घरात धूर बंद केला होता. देव बिनवासाचे बसले होते बिचारे.

"माझ्यासाठी केलंस?"

"म्हणजे... हो."

"सरक तिकडे. काय गाठी मारल्यास या! बुटाची लेस आहे का?"

तिने पिशवीतून क्रोशाची सुई काढली आणि तार घेऊन सहा वेढे मारले. एकाला एक चिकटून, एकसारखे. चाळीस वर्षं वाती वळलेल्या हातांनी कापूस ओवला. आकडा तरी नाचतोच!

"स्क्रू ढिला आहे बघ तुझा."

"आई, हे कॉम्प्लिकेटेड असतं, तो इंटर्नल..."

तिने स्क्रू आवळला. ०.८. हलेचना!

"हे चांगलं की वाईट?"

"...बरं आहे," मी म्हटलं.

मग तिने विचारलं, यात घालायचं काय? मी बाटली काढली. "अत्तर." आता इथे कायद्याने व्हेपला एकच फ्लेवर मिळतो, तंबाखूचा! मी वरचं झाकण काढून चार थेंब टाकले, बटण दाबलं, भस्सकन ढग निघाला. आईने वास घेतला आणि तिचे डोळेच भरले.

"अण्णा!"

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. आयुष्यभर तपकीर ओढणारे.

"अरे, अण्णांच्या डबीचा वास आहे हा! कसं जमवलंस रे?"

"ट्रॅडिशनल फ्लेवर आहे," मी म्हटलं. (यापुढे मला कोणी चांगला माणूस म्हणू नका.)

एवढ्यात ताई भाजी घेऊन आत आली. तिला एका नजरेत सगळं कळलं.

"वा वा! धूपदाणी? मार्क किती मिळणार हिला?" आणि माझ्या कानाशी येऊन, "मेलास तू. सांग तिला खरं."

"दसरा झाला की सांगतो."

मागून येणारे भावजी छताकडे बघत राहिले. ते जावई आहेत, त्यांना परवडतं.

दसऱ्याला आईने ताईचा लॅपटॉप, भावजींची सायकल आणि माझं डबडं, तिन्हींची पूजा केली. डबड्याला हळद, कुंकू, वर शेवंतीचं फूल! आरतीला तिने स्वतः बटण दाबलं. पण ते सेफ्टीसाठी दहा सेकंदांनी बंद पडतं.

"दमतं रे हे लवकर," आई म्हणाली. "आणि नुसत्या अत्तरावर देव भागवतात का? थांब, दोन थेंब तूप घालते."

"आई, नको! तूप नको!"

घातलं! बटण दाबलं! असला काळा धूर निघाला की अलार्म ठणाणा सुरू! ताई टॉवेल फडकावतेय, भावजी स्टुलावर चढलेत, मी खिडक्या उघडतोय, आणि आई एका हाताने बटण दाबून दुसऱ्या हाताने टाळी वाजवत आरती पुरी करतेय. अर्धी आरती सोडत नाहीत!

तेवढ्यात बेल. शेजारचे हान्स आजोबा, नुसत्या मोज्यांवर धावत आलेले. त्यांनी धूर पाहिला, देवघर पाहिलं, डबडं पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. खिशात हात घालून त्यांनी डिट्टो तसलंच डबडं काढलं! संपलं सगळं.

पण ते वाकून कॉइल बघत होते. "मोई!" म्हणजे सुंदर. मग इंग्रजीत, "कुणी बनवली?"

"मी! सिक्स राउंड!" आईने छाती फुगवली. "झिरो पॉइंट एट!"

आजोबांनी तिला चक्क नमस्कार केला आणि जाताना दोन कॉइल बांधून घेऊन गेले. आईने पुडीला कुंकूही लावून दिलं.

दसरा झाला. मी सांगितलं नाही. डबडं आणि 'अत्तरा'ची बाटली देवघरात ठेवून गुपचूप एनस्खेडेला पळालो. रविवारी आईचा फोन.

"अरे, त्या हान्सकडेपण धूपदाणी आहे. पण काय सांगू, तो ती तोंडात धरून ओढतो! माणूस चांगला आहे रे, पण कुणी शिकवलंच नाही त्याला. तू आलास की समजाव."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

आणि तीन आठवड्यांनी, ती परत निघायच्या आदल्या दिवशी, "बॅग भरली बरं का. तुझी धूपदाणी घेतलीय. मामाला दाखवते, अण्णांचा वास."

मी ताडकन उभा राहिलो. भारतात व्हेपवर बंदी आहे! एअरपोर्टवर बॅग उघडली, तर माझी आई अधिकाऱ्याला अभिमानाने सांगणार, मीच बनवलीय, सिक्स राउंड! पुढची ट्रेन पकडली. न्यूनेनला पोचलो, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

आईने आधी देवघराकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तीन आठवडे गणपतीला सिगरेट ओढायला लावली?"

"सिगरेट नाही गं, टेक्निकली..."

"टेक्निकली गप्प बस!"

आतल्या खोलीतून भावजींचा हसू दाबल्याचा आवाज आला. आई उठली, बॅगेतून डबडं काढलं, पुसलं आणि सरळ हान्स आजोबांना देऊन आली.

"तो निदान तोंडात धरतो ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली. मला तिने एवढंच ऐकवलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्हेप सुटलं. खरंच सुटलं! मात्र गेल्या आठवड्यात लॅबमध्ये माझ्या सर्किटचा आकडा नाचायला लागला. दोन तास डोकं फोडलं, दोन पीएचडीवाले बोलावले, फळाभर समीकरणं लिहिली. मध्येच आईचा व्हिडिओ कॉल आला. जेवलास का विचारायला. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं?"

"आई, हे कॉम्प्लिकेटेड असतं."

"स्क्रू बघितलास?"

दोन्ही पीएचडीवाले आता मला विचारतात, तुझ्या आईचा व्हिसा पुन्हा कधी होतोय?