अमेरिकेची तयारी

भूकंपानंतर नवऱ्याची सेंदाईतली लॅब बंद पडली आणि तो माझ्याकडे आणि लेकीकडे क्योतोला राहायला आला, तेव्हा खरं सांगते, मला आनंदच झाला होता. अख्खा देश हादरलेला आणि मी दोघींऐवजी तिघांचा भात लावायला मिळतोय म्हणून खूश. तो आनंद काही महिनेच टिकला. त्याला अमेरिकेत पोस्टडॉक मिळाली. तो पुढे गेला. माझं इथल्या विद्यापीठातलं संशोधनाचं कंत्राट संपलं की मी आणि लेक तिकडे जाणार, असं ठरलं.

आम्ही दोघंही स्कॉलरशिप परीक्षेच्या गाइडांवर पोसलेले. देश बदलायचा म्हणजे आधी त्याचा अभ्यास हवाच! दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तो लेकीचा सामान्यज्ञानाचा तास घ्यायचा.

"जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान?"

"यलोस्टोन!"

"वाऱ्याचं शहर?"

"शिकागो!"

"समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच असलेलं शहर?"

लेक सहा वर्षांची. अडली की जपानीत "वाकान्नाई" म्हणायची, म्हणजे माहीत नाही. मी लगेच ओट्यापासून ओरडायचे, "पाठ का नाही केलंस?"

"असू दे गं," तो म्हणायचा. "तुला सगळं यायला लागलं ना बाळा, की मी न्यायला येतो."

तिने ते खरं धरलं. सायकलवर माझ्या मागे बसून विद्यापीठाच्या रस्त्याने डेन्व्हर, डेन्व्हर करत यायची. लाकडी खोपटात जन्मून राष्ट्राध्यक्ष झालेला उंच माणूस तिला आवडायचा, पण सगळ्यांत लाडका विजेच्या दिव्यावाला. त्याच्या दिव्यातली तार आमच्याजवळच्याच यावाता गावच्या बांबूची होती. तिथल्या टेकडीवर त्याचं स्मारक आहे. तिथे नेलं तेव्हा ती बराच वेळ बांबूंकडे बघत राहिली.

"बांबू गेले अमेरिकेला," ती म्हणाली. "मग मी का नाही?"

पुढे रविवार गळायला लागले. कधी कॉन्फरन्स, कधी डेडलाइन, कधी डोकेदुखी. दुसऱ्यांच्या पेपरातली खोट एका नजरेत पकडणारी मी, हे सगळं मुकाट गिळत होते. माझं कंत्राट संपत आलं तेव्हा त्याचा फोन आला. लेक शाळेत होती.

"मी दुसऱ्या शहरात राहायला गेलोय. तुम्ही नका येऊ."

"कुठल्या शहरात?"

"नको विचारूस. मी एकटा नाहीये इथे."

त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. घराच्या भिंती पातळ, म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडले. संताप होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. लेकीला मी फक्त बाबा कामात आहेत असं सांगितलं. कंत्राट आणखी वर्षभर वाढवून मागितलं.

पुढच्या रविवारी तिने स्वतःच लॅपटॉप उघडला. कॉल येईना, तेव्हा मला समोर बसवलं आणि आपणच प्रश्न विचारायला लागली. उद्यानं झाली, शहरं झाली, राष्ट्राध्यक्ष झाले. मी एकही चुकले नाही. ती खूश होती, टाळ्या वाजवत होती.

"आता शेवटचा. आमचे बाबा कुठल्या शहरात राहतात?"

मी पडद्याकडे बघत राहिले. त्यात आम्ही दोघीच दिसत होतो.

"वाकान्नाई," मी म्हणाले.

तिने कमरेवर हात ठेवले, अगदी माझ्यासारखे.

"पाठ का नाही केलंस?"