बिनतेलाचं तोंडी लावणं

आमच्या घरात कच्ची भाजी चिरून खायची पद्धत नव्हती. काकडी मोडायची, मुळा धुवायचा, कांदा बुक्कीनं फोडायचा, मेथीची जुडी तशीच ताटाशेजारी ठेवायची आणि सोबत कारळाची चटणी वाढायची. चटणीच्या मधोमध बोटानं खळगा करायचा आणि त्यात करडईचं कच्चं तेल ओतायचं, काठावरून ओघळेपर्यंत. चकलांब्याकडं माझं माहेर, तिथंही हेच. पाहुण्याच्या चटणीत तेल कमी पडलं तर तो आपल्याला काही बोलत नाही, गावभर सांगतो.

अशा घरात बिनतेलाचं सॅलड शिरलं ते आमच्या मालकांच्या गुडघ्यांमुळं. मालक म्हणजे माझे यजमान. शेती आहे, पण त्याहून जास्त वेळ गावच्या राजकारणात. ज्याच्या घरी लग्न, बारसं, तेरावं, तिथं हे जेवायला हजर, आणि 'नको' म्हटलं तर मतं फुटतात हा यांचा सिद्धांत. वजन वाढत गेलं आणि गुडघे गेले. खाली बसले की उठवायला दोघं लागायचे. तेवढ्यात आमच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. दिवाळीनंतरची तिथ निघाली.

बीडचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, व्यायाम सांगतो, पण वजन उतरवा. तेल तोडा, भाकरी एकच, आणि आधी सॅलडनं पोट भरा. यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, कन्यादानाला पाटावर बसता यील का?" डॉक्टर हसले. खुर्चीवर बसा म्हणाले, आजकाल सगळेच बसतात.  घरी आल्यावर हे चप्पल काढता काढता म्हणाले, "लोकाच्या लग्नात खुर्चीवर बसन मी. माझी लेक देताना न्हाई बसणार." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काकडी, गाजर, कोबी, टोमॅटो बारीक चिरून ताटभर पुढं ठेवलं. यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कावून, आज गोठ्यात जेवायचंय का?"

"गोठ्यातली जनावरं पुढ्यात टाकलेलं मुकाट्यानं खातात," मी म्हटलं. माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

दोन दिवस खाल्लं कसंबसं, तिसऱ्या दिवशी ताट सरकवलं. कोरडं घशाखाली उतरंना म्हणाले. लेक पुण्याला नोकरी करते, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, त्याच्यावर ड्रेसिंग घालायचं असतं. आणि पुढच्या खेपेला दोन बाटल्या घेऊन आली. एकीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'लो फॅट' लिहिलं होतं. यांना ती फारच आवडली. मला संशय आला, चष्मा लावून मागचं बारीक वाचलं. तेल कमी होतं हे खरं, पण पाण्याच्या खालोखाल साखर. वर उष्मांक लिहिले होते ते चमचाभराचे. चमचाभरात यांची मिशी तरी भिजेल का? हे चटणीवर तेल ओतावं तशी बाटली उलटी धरायचे. दुसऱ्या बाटलीत व्हिनेगर आणि मोहरी होती, साखर पार शेवटी. ती खरी कामाची होती, पण यांना तिचा वास सोसेना. आता कुणी मला विचारलं की विकतचं कोणतं घ्यावं, तर मी म्हणते बाई, पुढचं वाचूच नको, मागचं वाच.

मग माझं डोकं तापलं ते चांगल्या कामासाठी तापलं. घरात म्हैस, दारात लिंबाचं झाड, आणि मी बाटलीतली साखर विकत आणते होय? साय काढलेल्या दुधाचं दही लावलं, फडक्यात बांधून टांगलं. त्यात लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घातली, लिंबू पिळलं. पहिल्याच दिवशी मीठ आधी घातलं, तर काकडीला पाणी सुटून सगळं ताट पोहायला लागलं. तेव्हापासून मीठ अगदी वाढताना. मग टोमॅटो चुलीत भाजून, सालं काढून, जिरं नि चिंचेचा कोळ घालून बघितला. तोही बरा झाला. पण यांची नजर कोनाड्यातल्या तेलाच्या बरणीकडं जायची, ती काही थांबेना.

शेवटी कारळ काढले. कारळात स्वतःचं तेल असतं, म्हणून दोनच चिमटी घेतले. खमंग भाजले, लसूण नि लाल मिरचीबरोबर कुटले आणि पातळ ताकात कालवले. वास अस्सल चटणीचा, तेलाचा थेंब नाही. यांनी बोट लावून चाखलं, डोळे मिटले, म्हणाले, "हे मात्र लई झाक जमलंय." त्या दिवशी वाटी चाटूनपुसून लख्ख. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पुढं हे पारावर बसून माझ्या ड्रेसिंगचं कौतुक करायला लागले, आणि ज्या बायकांनी जन्मात मला काही विचारलं नव्हतं त्या कृती विचारायला घरी आल्या. मी पण जरा आढेवेढे घेतले आणि मग सांगितली.

महिन्यानं बीडला गेलो. काट्यावर उभे राहिले, तर वजन वाढलेलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी यांच्याकडं बघितलं. गाडीत बसल्या बसल्या मी सुरुवात केली, कोणाच्या पंगतीत बसलतात, कोणाकडं जिलेबी हाणली, लेकीच्या लग्नाची तरी लाज ठेवा. यांनी गाडी बाजूला घेतली. "नारायणगडाची आण. बाहेर घास खाल्ला न्हाई." आमच्या श्रद्धेच्या त्या गडाची खोटी शपथ हे निवडणुकीतसुद्धा घेत नाहीत. त्यामुळं मी विश्वास ठेवला, पण मनातून पार घाबरले. बाहेर खात नाहीत, घरात तेल नाही, मग वजन येतंय कुठून?

याचं उत्तर माझ्या पाठीमागं होतं. आमच्याकडं पुरुष आधी जेवतात. मी चुलीपुढं बसून भाकरी थापते आणि झाली तशी मागं ताटात टाकते. त्या मोजत नाही. जेवणाऱ्याच्या भाकरी मोजणं आमच्यात वाईट समजतात, नजर लागते म्हणतात, आणि बायकोनं नवऱ्याच्या मोजणं तर फारच वाईट. म्हणजे मी कारळ चिमटीनं मोजत होते आणि भाकरी टाकत होते बेहिशेब. त्या दिवशी परातीतलं पीठ संपलं तरी मागून "आन गं" ऐकू आलं, तेव्हा मी मान वळवली. यांनी ताटात भाकरी कुस्करली होती, तिच्यावर वाटीभर ड्रेसिंग ओतलं होतं आणि मूठ भरभरून काला खात होते. सॅलड बाजूला होतं. त्यातला एखादा काकडीचा तुकडा अधूनमधून, कांदा चावावा तसा.

"हे काय करताय?"

"जेवतोय."

"अहो, ते काकडीवर घालायचं असतं."

"काकडीवर घालून वाया घालवू का?" हे खरंच बुचकळ्यात पडले होते. "इतकं झाक तोंडी लावणं हाय, अन् भाकरी न्हाई खायची?"

मला इतकं हसू आलं की तव्यावरची भाकरी करपली. हसता हसता रडूच आलं, कारण माझ्या लक्षात आलं होतं की मी जितकं चांगलं करीन तितकं यांचं पोट वाढणार. एक दिवस मुद्दाम मिळमिळीत करून बघितलं, तर सॅलडचं ताट तसंच परत. मग मी चिडून ठरवलं. भाकरी आधीच करून ठेवल्या, दोघांना एकेक. चूल विझवली. सॅलडमध्ये ड्रेसिंग आधीच हातानं कालवून टाकलं, म्हणजे कुस्करायला वाटीच नको. आणि यांच्यासमोर माझं ताट घेऊन बसले.

"तू आत्ता जेवणार?" यांनी विचारलं.

"हो. माझंबी वजन हायच की."

आधी सॅलड, मग वरणासोबत भाकरी. मी मोजत नव्हते, नुसती सोबत जेवत होते. पण समोरचं माणूस एका भाकरीवर हात थांबवून बसलंय म्हटल्यावर दुसरी मागायची यांना लाज वाटायची. पहिले चार दिवस यांचं तोंड बघवत नव्हतं. मग सवय झाली, आणि मला एक गंमत कळली. इतक्या वर्षांच्या संसारात हे जेवताना कसे दिसतात ते मी कधी बघितलंच नव्हतं. हे डाव्या बाजूनंच चावतात. विचारलं तर उजवी दाढ कधीची दुखत होती. यांनी मला विचारलं, तू वरणातली मिरची वेचून बाजूला का ठेवतीस, तुला तिखट चालत न्हाई का? चालत नाही. कधीच चालत नव्हतं. मला ते जेवण फार आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू.

वजन हळूहळू उतरलं. रोज सकाळी चहा झाला की हे ओसरीत पाट टाकून बसायची प्रॅक्टिस करायचे, आधी खांब धरून, मग न धरता. एकदा गावातले दोघं मतदारयादीचं काम घेऊन आले तर त्यांनाही खाली बसायला लावलं.

लग्न बीडच्या मंगल कार्यालयात होतं. गुरुजींनी आपणहून खुर्ची मांडली होती. यांनी ती हातानं बाजूला केली आणि सावकाश पाटावर बसले, मांडी घालून. शेजारी मी. लेकीचा हात यांच्या हातात, वरून मी पाण्याची धार धरली. खरं सांगते, माझं लेकीकडं लक्ष नव्हतं, मी सगळा वेळ यांच्या गुडघ्याकडं बघत होते. विधी संपला, गुरुजी म्हणाले, उठा आता.

हे उठले नाहीत.

गुरुजी परत म्हणाले. तरी नाही. माझा भाऊ धावला, कुणीतरी खुर्ची उचलून आणली. मी वाकून यांच्या कानाशी विचारलं, "लई दुखतंय का?"

यांनी मान वर केली नाही. "गुडघं काई दुखत न्हाईत," म्हणाले. "उठलो की गेली ना ती."

मी भावाला हातानंच थांब म्हटलं आणि परत यांच्या शेजारी बसले. पंगत खोळंबली होती, गुरुजी घड्याळाकडं बघत होते. बघू देत, म्हटलं.