नितळ पाण्याचा संशय

इमारतींना हरित मानांकन देण्याआधी त्यांची तपासणी करण्यात ताईंची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्या तरी संशयाची सवय सुटली नाही.

धाकट्या भावाने नव्या वसाहतीत घर घेतलं. फाटकावर मानांकनाची पाटी होती. "इथे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरतात," तो कौतुकाने सांगत होता. ताईंनी फ्लश दाबून पाहिला. पाणी अगदी नितळ आलं.

"मला हे खरं वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, तुला चांगल्यातही खोट दिसते," भाऊ वैतागला.

तरी ताई त्याला तळघरातल्या शुद्धीकरण यंत्रापाशी घेऊन गेल्याच. मोटारीवर कोळ्याचं जाळं होतं आणि टाकी कोरडीठाक. फ्लशला पिण्याचंच पाणी जात होतं. भावाचा चेहरा पडला.

त्याने शेजाऱ्यांना गोळा करून व्यवस्थापकाच्या नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे यंत्र सुरू झालं. मग त्याचा फोन आला.

"आता पाणी पिवळसर येतंय. बायको तुझ्या नावाने खडे फोडतेय."

"फोडू दे. शुद्ध केलेलं सांडपाणी असंच जरा पिवळसर असतं," ताई म्हणाल्या. पण पाण्यात कुणी रंग तर कालवला नसेल, या शंकेने त्या वसाहतीत जाऊन पुन्हा तळघरात उतरल्या आणि मोटारीची घरघर कानांनी ऐकली, तेव्हाच वर भावाकडे चहाला गेल्या.